रविवारची भेट : जर्सी-बॉलवर सही घेणाऱ्यांसाठी सूचना

आपल्या नेरुळचा खेळाडू रविवारी सकाळी मैदानावर भेटणार आहे. सही हवी असलेल्या सभासदांनी तयारीनिशी यावे.

जर्सी आधी धुऊन, पूर्ण वाळवून आणा; फॅब्रिक कंडिशनर वापरू नका, त्यावर शाई नीट धरत नाही. आत पुठ्ठा सरकवून कापड क्लिपांनी ताणून ठेवा. ढिल्या पॉलिस्टरवर मार्करचे टोक अडकते आणि शाई पाठीमागच्या बाजूला उतरते. बारीक टोकाचा काळा परमनंट मार्करच हवा. जेल पेन नको. सही कापडावरच घ्या. छापील नंबरच्या गुळगुळीत प्लॅस्टिकवर ती ओली असताना बोटानेही पुसली जाते, आणि नेमकी तीच जागा सगळ्यांना हवी असते!

बॉलमध्ये हवा पूर्ण भरा, पांढरा पॅनल कोरड्या फडक्याने पुसा. खडबडीत पॅनलवर रेघ तुटते. सही झाली की दहा मिनिटे हात लावू नका, घडीही घालू नका.

ती जर्सी पुन्हा धुवायची नाही. उन्हात शाई फिकी पडते, म्हणून खिडकीसमोर टांगू नका. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी सोबत ठेवा.

एका सभासदाला एकच सही. लहान मुले आधी. सेल्फी रांग संपल्यावर.

— व्यवस्थापन समिती