पीएचडीनंतरची दोन वर्षे

चेन्नई, 18 जानेवारी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

"पीएचडी झाली, तर आता पुन्हा दोन वर्षे कशासाठी?" हा बाबांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर फोनवर चार वाक्यांत देण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. जर्मनीतील एका विद्यापीठाने मला गणित विभागात दोन वर्षांसाठी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधक म्हणून नेमणूक देऊ केली आहे आणि महिनाअखेरपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे. दुसरीकडे, काकांच्या ओळखीतून आपल्या जिल्ह्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाची जागा निघणार असल्याचे तुम्हाला समजले आहे. मी जर्मनीची नेमणूक स्वीकारावी, असे माझे मत झाले आहे. परंतु मी काय करायला जात आहे हे तुम्हाला पूर्णपणे समजावे आणि मगच मी होकार पाठवावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सर्वांत आधी हे सांगते की पोस्टडॉक म्हणजे आणखी एक पदवी नव्हे. त्याला परीक्षा नाही, प्रबंध नाही आणि शेवटी हातात पडणारे प्रमाणपत्रही नाही. पीएचडीचा प्रश्न मला माझ्या मार्गदर्शकांनी सुचवला होता. कुठल्या दिशेने गेल्यास काही हाती लागेल याचा अंदाज त्यांना होता आणि मी अडले की तो अंदाज माझ्या मदतीला येत असे. पुढच्या दोन वर्षांत प्रश्नही मीच शोधायचा, तो सुटण्याजोगा आहे की नाही हेही मीच ठरवायचे आणि सहा महिन्यांनी तो निष्फळ ठरला तर दुसरा धरण्याचे धैर्यही मीच दाखवायचे. स्वतंत्रपणे संशोधन करू शकणारी व्यक्ती घडते ती याच काळात. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, यंत्रे लागत नाहीत. फळा, ग्रंथालय, मोकळा वेळ आणि त्याच विषयात बुडालेली चार माणसे एवढेच लागते. त्यामुळे गणितातील फेलोशिपचा जवळजवळ सगळा पैसा त्या माणसाच्या निर्वाहासाठीच दिलेला असतो.

रामानुजन यांचे उदाहरण बाबांना ठाऊक आहेच, पण त्यातील एक भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ते महिना 30 रुपयांवर कारकून होते आणि 1913 मध्ये मद्रास विद्यापीठाने, त्यांच्याजवळ पदवी नसतानाही, महिना 75 रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दोन वर्षांसाठी मंजूर केली. अट एकच होती, दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यायचा. त्यांच्या प्रतिभेविषयी आपण नेहमी बोलतो. परंतु कारकुनीतून मोकळा झालेला तो दिवस त्यांना कोणीतरी पगार देऊन मिळवून दिला होता, ही गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. आजच्या पोस्टडॉक फेलोशिपचा हेतू याहून वेगळा नाही.

दुसरे उदाहरण माझ्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1953 मध्ये मद्रासहून दोन तरुण दाखल झाले, एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री. तेथील गणित विभाग उभा करणाऱ्या के. चंद्रशेखरन यांनी जगभरच्या मोठ्या गणितज्ञांना मुंबईत व्याख्यानांसाठी बोलावले, आणि पुढे 1957 च्या सुमारास हे दोघेही पॅरिसला गेले. तिथे त्या काळी बैजिक भूमितीची, म्हणजे समीकरणांतून निर्माण होणाऱ्या आकारांच्या अभ्यासाची, संपूर्ण मांडणी नव्याने होत होती आणि ती करणारी माणसे रोज समोर भेटत होती. काही वर्षे तिथे काढून दोघे मुंबईला परतले आणि 1965 मध्ये त्यांनी जे प्रमेय प्रसिद्ध केले ते आज जगभर त्या दोघांच्याच नावाने ओळखले जाते. माझा प्रबंध ज्या क्षेत्रात आहे, त्याचा पाया हे प्रमेयच आहे. शेषाद्रींनी पुढे 1989 मध्ये चेन्नईत गणिताची नवी संस्था सुरू केली. बाहेर गेलेला माणूस परत येत नाही, अशी आईची भीती आहे. तिला मी या दोघांचीच गोष्ट सांगेन.

आता हे आत्ताच का, याविषयी. या संधींचे घड्याळ पीएचडीच्या तारखेपासून चालू होते आणि ते थांबत नाही. युरोपीय संघाची मारी क्युरी यांच्या नावाची फेलोशिप पीएचडीनंतर साधारणपणे आठ वर्षांच्या आतच मिळते. आपल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपला वयाची 35 वर्षांची मर्यादा असून स्त्रियांना त्यात पाच वर्षांची सवलत आहे. आयआयटीमध्ये सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या श्रेणीसाठी पीएचडीनंतरचा किमान तीन वर्षांचा अनुभव मागितला जातो. महाविद्यालयातील जागा आज घेतली आणि पाच वर्षांनी संशोधनाकडे वळायचे ठरवले, तर कागदावर दार उघडे दिसेल, पण प्रत्यक्षात माझ्या नावावर त्या पाच वर्षांत नवे काम नसल्यामुळे निवड समिती माझा अर्ज बाजूला ठेवेल. उलट दोन वर्षे संशोधन करून अध्यापनाकडे यायला कोणतीच आडकाठी नाही.

ही निवड कशी होते, याचीही तुम्हाला कल्पना असावी, कारण "एवढी हुशार मुलगी आणि ठिकठिकाणांहून नकार कसे येतात?" असे आईने काळजीने विचारले होते. अर्जासोबत आपल्या संशोधनाचे निवेदन, प्रसिद्ध झालेले लेख आणि तीन-चार गणितज्ञांची शिफारसपत्रे लागतात. ती पत्रे गोपनीय असतात. माझ्याविषयी काय लिहिले आहे हे मला कधीच कळत नाही. अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये करायचे, निकाल जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि काम ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू होते. अमेरिकेतील बहुतेक गणित विभागांनी आपसांत असे ठरवले आहे की फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या ठरावीक तारखेपूर्वी उमेदवारावर उत्तराची सक्ती करायची नाही. युरोपात तशी समाईक तारीख नसल्याने मला एवढ्या घाईने ठरवावे लागत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची गणितासाठीची मोठी फेलोशिप तर तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळते, तेव्हा तिथे नाकारले जाण्याचा प्रश्नच आला नाही. प्रत्येक जागेला जगभरातून अर्ज येतात आणि बऱ्याचदा निर्णय यावर ठरतो की त्या विभागात माझ्या विषयाचे कोणी आहे की नाही. नकार म्हणजे माझ्या कामाला दिलेले गुण नव्हेत.

बाबांनी माझा लेख छापून घेतला तेव्हा माझे नाव शेवटी पाहून त्यांना वाईट वाटले होते. गणितात लेखकांची नावे रोमन वर्णमालेच्या क्रमाने लावतात, कामाच्या वाट्याप्रमाणे नव्हे. आपले आडनाव डब्ल्यूने सुरू होत असल्यामुळे मी आयुष्यभर शेवटीच राहणार आहे. तसेच, एक लेख पाठवल्यापासून तो तपासून स्वीकारला जाईपर्यंत एक वर्ष सहज जाते, कधी दोनही जातात, कारण परीक्षकाला प्रत्येक सिद्धता ओळीओळीने पडताळावी लागते. दोन वर्षांची नेमणूक यामुळे खरोखर अपुरी पडते. पहिल्या वर्षाचे काम छापून येण्याआधीच पुढच्या जागेसाठी अर्ज करायची वेळ येते. तीन वर्षांची मुदत सगळीकडे असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

मग भारतातच का नाही, असे तुम्ही विचाराल. भारतातही चांगल्या संधी आहेत आणि मी तिथेही अर्ज केले आहेत. 1983 मध्ये अणुऊर्जा विभागाच्या अंतर्गत स्थापन झालेले राष्ट्रीय उच्च गणित मंडळ पोस्टडॉक फेलोशिप देते; मुंबईची टाटा संस्था, चेन्नई, प्रयागराज, बेंगळुरू, पुणे येथील संस्थाही नेमणुका करतात. या मंडळाचे माझ्यावर फार मोठे ऋण आहे. बीएस्सीला असताना मी ज्या उन्हाळी गणित प्रशिक्षण शिबिराला गेले होते, ते याच मंडळाच्या पैशांतून चालते, आणि प्रमेय पाठ करायचे नसते, सिद्ध करायचे असते, हे मला तिथे पहिल्यांदा कळले. सेलूच्या मुलीला ते शिबिर मिळाले नसते तर मी आज इथे नसते. तरीही माझ्या नव्या प्रश्नाशी संबंधित काम करणारे तीन गणितज्ञ त्या जर्मन विभागात एकत्र आहेत आणि त्यांचे साप्ताहिक चर्चासत्र माझ्या विषयावरच चालते, हे मला निर्णायक वाटते.

पैशांविषयी स्पष्ट लिहिते. भारतात पीएचडीनंतरच्या संशोधकाला, म्हणजे रिसर्च असोसिएटला, 2023 च्या दरांप्रमाणे महिना 58,000 ते 67,000 रुपये आणि शिवाय घरभाडे भत्ता मिळतो. जर्मनीतील नेमणूक ही शिष्यवृत्ती नसून विद्यापीठाची रीतसर नोकरी आहे. करारानुसार पगार महिना चार हजार युरोंच्या वर आहे आणि कर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन यांची कपात होऊन साठ टक्क्यांच्या आसपास हातात येईल. राहणे-खाणे त्यात व्यवस्थित भागेल आणि थोडे घरीही पाठवता येईल. आईच्या गुडघ्याचे उपचार आता पुढे ढकलू नयेत.

महाविद्यालयाच्या जागेविषयी लिहिताना मला अवघड जाते, पण लिहिले पाहिजे. बाबा, तुम्ही जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेत आणि शिकवण्याला मी कधीही कमी लेखणार नाही. परंतु सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवावे लागते, त्यावर परीक्षांची कामे, प्रवेशाची कामे आणि मूल्यांकनाच्या फायली येतात. नव्याने पीएचडी झालेल्या माणसाचे संशोधन त्यात पहिल्याच वर्षी मागे पडते, हे मी नांदेडच्या माझ्या वर्गमैत्रिणींच्या बाबतीत पाहिले आहे. आणि त्यांतल्या कित्येकींना तर तासिका तत्त्वावर, पुढच्या वर्षी काम राहील की नाही याची शाश्वती नसताना, शिकवावे लागत आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या जागेसाठी जी रक्कम मागितली गेली आहे आणि ती उभी करायला ओढ्याकाठचे शेत विकण्याची तयारी तुम्ही दाखवली आहे, ती मला मान्य नाही. त्या शेतातल्या सोयाबीन आणि हरभऱ्यावर दादाचे घर चालते. शिवाय मी गुणवत्तेवर मिळवलेली पदवी घेऊन पैसे मोजून वर्गात उभी राहिले, तर मुलांना कोणत्या तोंडाने शिकवू? कृपया काकांना नाही म्हणून कळवा. त्यांनी आपुलकीनेच सुचवले आहे, तेव्हा सांगताना त्यांचे मन दुखावू नये.

या वाटेत धोके नाहीत, असे मी म्हणणार नाही. दोन वर्षांनंतर कायमची जागा मिळेलच याची हमी कोणी देत नाही. अनेकांना एकामागून एक दोन-तीन पोस्टडॉक करावे लागतात आणि दर वेळी शहर, कधी देशही बदलावा लागतो. जर्मनीत पीएचडीनंतर अशा मुदतीच्या नेमणुकांना कायद्याने सर्वसाधारणपणे सहा वर्षांची मर्यादा आहे. लग्नाच्या बाबतीत याचा विचार तुम्ही करत असाल हे मी जाणते. सोयरिकीसाठी येणाऱ्यांना माझी परिस्थिती जशी आहे तशी सांगावी: विद्यापीठात संशोधक म्हणून नोकरी आहे, ती दोन वर्षांची आहे, त्यानंतर देशात परत येण्याचा प्रयत्न राहील. ज्याला हे पटत नाही त्याच्याशी लग्न ठरून पुढे दोघांनाही त्रास होण्यापेक्षा आधीच नकार आलेला बरा. नोकरी चालू असताना लग्न करायला माझी ना नाही.

परत येण्याविषयी मी जे लिहिले ते तुमच्या समाधानासाठी लिहिलेले नाही. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर अमेरिकेत प्राध्यापक असूनही त्यांनी 1976 मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केले आणि महाराष्ट्रातल्या मुलांना गणिताचे एक ठिकाण मिळाले. आपल्या भागात अकरावी-बारावीला वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या शिकवण्या गल्लोगल्ली आहेत, पण गणितच शिकायचे म्हणणाऱ्या मुलाला पुणे-मुंबई गाठावी लागते. परभणी किंवा नांदेडला दर उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांचे शिबिर भरवायचे आणि त्यासाठी उच्च गणित मंडळाकडे रीतसर प्रस्ताव द्यायचा, असे माझ्या मनात आहे. तसा प्रस्ताव मान्य होण्यासाठी देणाऱ्याचे स्वतःचे संशोधन भक्कम असावे लागते, आणि ते भक्कम करण्याची हीच वर्षे आहेत.

तुमचे मत 28 तारखेपर्यंत कळवा. शंका असतील तर बाबांनी त्या कागदावर लिहून ठेवाव्यात, मी रविवारी सकाळी फोन करीन आणि एकेक करून उत्तरे देईन. व्हिसासाठी माझे एमएस्सीचे मूळ पदवी प्रमाणपत्र आणि जन्मदाखला लागणार आहे. दोन्ही लोखंडी कपाटात निळ्या फाईलमध्ये आहेत. दादाला ते स्पीड पोस्टाने इकडे पाठवायला सांगावे आणि त्याआधी दोन्हींच्या झेरॉक्स प्रती घरी ठेवाव्यात.

कळावे, लोभ असावा.

तुमची लेक