मामाचा काँप्युटर नेताना

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

रात्री बारा वाजता आई कसला धूर करत बसते, असं तू फोनवर दोनदा विचारलंस. सांगते, पण आधी कामाचं. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा परत जाताना एक खोकं मामाकडे पोचवायचंय. त्यात त्याचा झेडएक्स स्पेक्ट्रम आहे, म्हणजे सिंक्लेअर कंपनीचा जुना घरगुती काँप्युटर, माळ्यावरचा, काळा, रबरी बटणांचा. लहानपणी तू त्याला ‘मोठा कॅलक्युलेटर’ म्हणायचास. तो चालू झालाय.

‘हे सगळं मोबाइलवर एम्युलेटरमध्ये फुकट चालतं’ हे तू म्हणणारच. चालतं, जुन्या मशीनची नक्कल करणारं ते अ‍ॅप मीही चालवून पाहिलंय. खेळच खेळायचे असते तर मी हातात सोल्डरिंग गन धरलीच नसती.

माळ्यावरून काढल्यावर पहिला मोह होतो प्लगला लावून बघायचा. तो मी आवरला. या मशीनला ९ व्होल्ट लागतात, आणि मधली पिन उणे, बाहेरची कडी अधिक. हल्लीच्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरांचं नेमकं उलटं असतं. घरातला कुठलाही अ‍ॅडॅप्टर बसला म्हणून लावला, तर माझी तीन आठवड्यांची मेहनत एका सेकंदात वाया. खोक्यात योग्य अ‍ॅडॅप्टर ठेवलाय, त्यावर लाल चिकटपट्टी आहे. तोच लावायचा.

झाकण उघडतानाही जपून. कीबोर्डचा पातळ मेम्ब्रेन, म्हणजे बटणांखालचा प्लॅस्टिकचा थर, दोन पट्ट्यांनी बोर्डाला जोडलेला असतो आणि इतक्या वर्षांनी त्या पट्ट्या वाळल्या पानासारख्या होतात. माझ्या हातात एक तुटलीच. नवा मेम्ब्रेन मिळतो, तो बसवलाय. तेव्हा तू उघडून बघू नकोस, तुझा हात मला माहीत आहे.

आत धूळ होती, गंज नव्हता. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, सरसकट बदलले. काढण्याआधी प्रत्येकाचा फोटो घेतला, कारण त्यांना अधिक-उणे असतं आणि उलटा बसला तर तो फुटतो. हे काम कंटाळवाणं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. मशीनच्या एकूण ४८ केबी मेमरीतल्या खालच्या १६ केबीच्या ४११६ जातीच्या आठ चिप्सना तीन वेगवेगळी व्होल्टेज लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. अ‍ॅडॅप्टर तर ९ देतो. ५ एका रेग्युलेटरमधून मिळतात. बाकीची दोन बनवायला बोर्डावर एक छोटी गुंडाळी आणि दोन ट्रान्झिस्टर आहेत, त्यांतल्या एकावर टीआर४ लिहिलेलं आहे. मीटर लावला. ५ ठीक, १२ च्या जागी बरेच कमी, उणे ५ च्या जागी शून्य. टीआर४ मेलेला.

मला नवल वाटलं नाही. मशीन चालू असताना मागच्या उघड्या कनेक्टरला लावलेलं काही ओढून काढलं की टीआर४ जातो, आणि जाताना एखादी मेमरी चिपही सोबत नेतो. मी सातवीत होते. दादा बाहेर गेला होता, आणि मला मागच्या कनेक्टरला लावलेला जॉयस्टिक जोडायचा डबा काढून पाहायचा होता. बटण बंद करायला हवं होतं, पण या मशीनला बटणच नाही, वायरच उपटावी लागते. मी वायरऐवजी डबा उपटला. पडदा गोठला आणि आतून येणारी बारीक गुणगुण थांबली. संध्याकाळी मी दादाला सांगितलं की वीज आली-गेली आणि हा बंद पडला. त्यानं बिचाऱ्यानं अ‍ॅडॅप्टर खोलून, तपासून, पुन्हा बंद केला. मग मशीन टॉवेलात गुंडाळून ठेवून दिलं. मला एका शब्दानं बोलला नाही.

असो. दोन्ही ट्रान्झिस्टर बदलले, तिन्ही व्होल्टेज आली. आता टीव्हीची पंचाईत. मूळ मशीन अँटेनाच्या सॉकेटमधून यूएचएफच्या ३६व्या चॅनलवर चित्र देतं, ते आजच्या टीव्हीवर नीट लागेना. म्हणून अँटेनाचा सिग्नल बनवणाऱ्या आतल्या मॉड्युलेटरला वळसा घालून सरळ व्हिडिओ सिग्नल बाहेर काढला. मामाच्या टीव्हीला पिवळं सॉकेट असेल तर झालं.

चित्र आलं, पण पडद्यावर वरपासून खालपर्यंत बारीक उभ्या रेघा. हे बघून मला उड्या माराव्याशा वाटल्या, कारण मशीन स्वतःच्या तोंडानं दुखणं सांगत होतं. स्पेक्ट्रमच्या पडद्यावरचं चित्र याच १६ केबीत राहतं. आडव्या ओळीतले आठ ठिपके म्हणजे एक बाइट, एक ठिपका म्हणजे एक बिट, आणि त्या बाइटचा प्रत्येक बिट वेगळ्या चिपमध्ये. एक चिप गेली की दर आठ ठिपक्यांनी एकाच जागी रेघ. भिंग घेऊन मोजलं: डावीकडून तिसरी. बिट उजवीकडून शून्यापासून मोजतात, म्हणून हा पाचवा. आठांपैकी एक चिप, नेमकी कुठली ते ठरलं.

ती काढताना मी घाई केली आणि बोर्डावरची तांब्याची एक रेघ उचलली गेली. केसाएवढ्या तारेनं जोडली, मामाला दिसेल, दिसू दे. त्यानंतर शहाणपण आलं: मेलेल्या चिपला वाचवायचं नसतंच, तिचे पाय कापायचे आणि एकेक पाय गरम करून सुटा ओढायचा. रिकाम्या जागी सॉकेट बसवलं, म्हणजे पुढच्या वेळी नुसती उपटून बदलता येईल.

आणि मग पांढऱ्या पडद्यावर, तळाशी, एक ओळ: सिंक्लेअर रिसर्च, १९८२.

अजून एक खोड बाकी होती. हे मशीन सुरू होताना आपली मेमरी स्वतः तपासतं, आणि वरची ३२ केबी बिघडलेली असेल तर तक्रार न करता १६ केबीचं मशीन म्हणून काम सुरू करतं. म्हणून मेमरीतल्या २३७३२ आणि २३७३३ या पत्त्यांवरचा आकडा वाचून बघायचा. ६५५३५ यायला हवा होता, आला ३२७६७, म्हणजे १६ केबीच. दोन संध्याकाळी यातच गेल्या. मेमरी चिप्स धडधाकट होत्या, त्यांना पत्ता पोचवणारी एक साधी लॉजिक चिप अडली होती. गंमत म्हणजे या वरच्या चिप्स ६४ किलोबिटच्याच, पण अर्ध्या भागात दोष असलेल्या. चांगला अर्धा तेवढा वापरायचा, म्हणून स्वस्तात मिळायच्या. सिंक्लेअरनं असे मशीनभर पैसे वाचवलेत. काही ठिकाणी इतके की रिपेअर करताना दात-ओठ खावे लागतात.

या मशीनचे प्रोग्रॅम कॅसेटवरून लोड होतात, म्हणून शेवटी मामाच्या अक्षरातली कॅसेट लावली. कडेच्या चौकटीत आधी लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे, आणि टेप लोडिंग एरर. टेप रेकॉर्डरचं हेड स्क्रू ड्रायव्हरनं किंचित तिरकं केलं, आवाज वाढवला. तिसऱ्या खेपेला लोड झालं. त्यानं माझ्यासाठी लिहिलेला पाढ्यांचा प्रोग्रॅम निघाला. उत्तर चुकलं की रोमन अक्षरांत ‘माकड’ असं येतं. तेरा साते मला आजही येत नाही हे त्यातून कळलं.

तेव्हा लक्षात ठेव: लाल पट्टीचा अ‍ॅडॅप्टर, आणि मागे काही लावायचं-काढायचं तर आधी वायर काढायची. मामालाही सांग, तो विसरला असेल. जॉयस्टिकचा डबा मी मुद्दाम वेगळ्या पिशवीत ठेवलाय. त्याच पिशवीत मामाच्या नावाचं एक बंद पाकीट आहे. त्यात काय आहे ते तुला आता कळलंच आहे, पण तू काही बोलू नकोस, ते त्यालाच वाचू दे. वाचून झाल्यावर तो काय म्हणतो ते मात्र मला लगेच कळव.

तुझी,
आई