डावीकडून आत येणाऱ्यांकडून, ट्रकवाल्या दादांना

नमस्कार ड्रायव्हरदादा,

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर आमची गाडी बाजूच्या रस्त्याने आत यायला निघते, तेव्हा तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलता. ब्रेक मारत नाही, नुसता पाय उचलता. आभार मानायचे आहेत ते त्याचेच.

आत येणारी गाडी शिरते डाव्या लेनमध्ये, आणि डावी लेन अवजड वाहनांची. म्हणजे जागा मागायची वेळ येते ती नेमकी रस्त्यावरच्या सगळ्यात जड माणसाकडे. शिवाय तुमचं स्टिअरिंग उजवीकडे आणि आम्ही येतो डावीकडून. क्लीनरच्या दरवाजाला खेटून चाललेली छोटी गाडी तुम्हाला खिडकीतून दिसत नाही, आरशातही धड दिसत नाही. तिथे क्लीनर मान बाहेर काढून बघतो आणि "थांब" की "जाऊ दे" ते सांगतो. म्हणून या पत्रातला अर्धा वाटा त्याचा. हल्ली पुष्कळ गाड्या क्लीनरशिवाय पळतात. तिथे ही नजरही एकट्या तुम्हालाच ठेवावी लागते.

पाय उचलणं बाहेरून काहीच वाटत नाही, म्हणून हिशोब मांडतो. पुण्याकडे जाताना खालापूरच्या फूडमॉलमधून एक कार निघाली, वेग ताशी ४०. तुम्ही ८० ने येताय. दोघांत सेकंदाला ११ मीटरचा फरक. ती वेग न वाढवता तशीच शिरली, तर ६० मीटर मागे असलेला ट्रक साडेपाच सेकंदांत तिच्या डिकीला टेकेल. आता तुम्ही पाय उचलून दहा सेकंदांत ८० वरून ७० वर आलात आणि पुढचे सहा सेकंद ७० वरच राहिलात, तर तुमच्यापुढे आधीपेक्षा साधारण ३० मीटर जास्त जागा तयार होते. तेवढ्यात एक गाडी नीट मावते. पण या सोळा सेकंदांत तुम्ही सव्वातीनशे मीटर पुढे आलेले असता. म्हणजे ती कार तुम्ही तेवढ्या लांबून हेरलेली असते. ती हेरली नाही की मग ब्रेकच उरतो. ब्रेक लागला की मागच्याचे लाल दिवे, त्याच्या मागच्याचे, आणि अर्धा किलोमीटर मागे कोणीतरी कारण नसताना जागच्या जागी उभा.

चढावर हे आणखी महाग पडतं. खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून येणारा जुना रस्ता घाटात एक्स्प्रेस वेला मिळतो, तिथे भरलेला दहाचाकी खालच्या गिअरमध्ये रांगत असतो. (घाटातला १८३० सालचा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला, रस्त्यातल्या त्याच्या खांबांची अडचण तेवढी गेली.) २८ टन वजन चढावर एकदा थांबलं की पुन्हा उचलताना क्लचचा वास केबिनभर. म्हणून तुम्ही थांबत नाही, एका गाडीची जागा आधीपासून पुढे राखून तसेच रांगत राहता. हे आम्हाला फार पटतं. चालू लेनमध्ये करकचून थांबून "या, या" करणारा कारवाला मनाने चांगला असेल, पण त्याच्यामागे टँकर असतो.

मुंबईकडे उतरताना मात्र आमची चूक कबूल. उतारावर तुमच्यापुढे दिसणारी मोकळी जागा रिकामी नसते, तो तुमचा ब्रेक असतो. तुम्ही खालचा गिअर आणि धूर अडवून इंजिनानेच वेग रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक लावून, चाकांच्या ब्रेकचे ड्रम तापू न देता उतरत असता. आम्ही त्या जागेत घुसतो, तुम्ही पुन्हा मागे राहून तेवढीच जागा तयार करता, आणि त्यात दुसरा घुसतो.

टोलनाक्याचंही थोडं. कितीतरी बूथमधून सुटलेल्या गाड्या तीन लेनमध्ये कोंबल्या जातात, तिथे तुम्ही एक सोडता, मग स्वतः जाता, मग मागचा एक सोडतो. जर्मनीत हे वाहतुकीच्या नियमावलीतच आहे: लेन संपते तिथपर्यंत दोन्ही रांगांनी यायचं आणि तिथे एकाआड एक शिरायचं. तिकडे याला 'चेनची पद्धत' म्हणतात, जॅकेटच्या चेनवरून. इथे कोणी न शिकवता तुम्ही ती चेन लावता, आणि एखादा एसयूव्हीवाला मधला दात तोडतो.

आमच्याकडून काय व्हायला हवं, तेही लिहून ठेवतो. जोडरस्ता संपायच्या आत वेग तुमच्या वेगाला आणायचा. टोकाला जाऊन उभं राहायचं नाही, कारण शून्यावरून ८० च्या रांगेत शिरणं जवळपास अशक्य. इंडिकेटर शिरायच्या आधी लावायचा, शिरताना नाही. तुमचे आरसे आम्हाला दिसत नसतील तर आम्ही तुम्हाला दिसत नाही, असं धरायचं. तुमचे दोन्ही हेडलाइट आतल्या आरशात पूर्ण दिसेपर्यंत पुढे वळायचं नाही. आणि आत आल्यावर लगेच ब्रेक मारायचा नाही.

डिपरवर, म्हणजे हेडलाइटच्या उघडझापीवर, मात्र आम्ही विसंबत नाही. आपल्याकडे डिपर म्हणजे बहुतेक वेळा "मी येतोय, बाजूला हो". तुम्ही तो "ये" म्हणून मारता, आम्ही "थांब" म्हणून वाचतो, आणि दोघंही अडखळतो. क्लीनरचा खिडकीबाहेर हलणारा हात कधी चुकीचा वाचला जात नाही. उलट आभारही तसेच: आत आल्यावर आम्ही खिडकीतून हात वर करतो. रात्री हात दिसत नाही. तेव्हा पुढच्या गाडीचा एकदा डावा, एकदा उजवा इंडिकेटर लागून विझला, तर तो तुमच्यासाठी आहे.

आपले,
डावीकडून आत येणारे