रेकॉर्डला बसणाऱ्या आमच्या भूकरमापक साहेबांना

साहेब, तुमचं नाव इथं टाकत नाही, ऑफिसात तुम्हाला उगाच त्रास नको. पण लिहिल्याशिवाय राहवेना. परवा आमच्या हद्दीवर दगड बसले आणि आबा त्यातल्या एका दगडावर हात ठेवून किती तरी वेळ तिथंच बसून राहिले.

दोन वर्षं हेलपाटे घातले आम्ही. शेजाऱ्यानं दर नांगरटीला थोडं थोडं आत सरकत बांध खाल्ला, जुना दगडही गायब केला, मोजणीचे पैसे भरले तर म्हणे टिपणच, म्हणजे मोजणीच्या मापांचा जुना कागदच, नाही. तुमच्या आधी त्या टेबलावर जे होते त्यांनी एकही बस्ता, फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, उघडून बघितला नाही, अर्जावर 'अभिलेख आढळून येत नाही' असा शेरा मारला आणि 79 वर्षांच्या माणसाला वाटेला लावलं. वर हेही ऐकवलं की जमिनींच्या एकत्रीकरणात जुन्या सर्व्हे नंबरचे गट झाले, आता जुना कागद काय करायचाय. अहो सातबाऱ्यावर क्षेत्र कळतं, बांध कुठून कुठं जातो ते कुठं कळतं? ती मापं टिपणावरच असतात आणि ते सांभाळणं हेच तर त्या खुर्चीचं काम आहे ना! राग अजून गेलेला नाही माझा.

तुम्ही एवढंच विचारलंत, गाव खुर्द का बुद्रुक? खुर्द म्हटल्यावर खुर्दचा बस्ता बघितलात, आणि मग कुणी न सांगता बुद्रुकचाही उघडलात. त्यात निघालं आमचं टिपण.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते पुढचं. मे महिना, खोलीत एकच पंखा, आणि तुम्ही उठून तो बंद केलात. कागद घडीवर चुरा होत होता, वाऱ्यानं एक कपचा उडाला तरी आकडा जाणार. पाऊण तास तुम्ही तसेच घामाघूम बसलात, थेंब कागदावर पडू नये म्हणून मान बाजूला करून रुमालानं तोंड पुसत होता. आबांना शेजारी खुर्ची दिलीत आणि विचारलंत, आबा, साखळी आणे कळतात का? मोजणीची 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे, आबांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. तुम्ही आकडे वाचत होता आणि आबा मध्येच म्हणाले, इथं बाभळ होती. तुम्ही थांबून ऐकलंत. त्या ऑफिसात आबांचं कुणी ऐकून घेतल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं.

अशी माणसं आहेत म्हणून अजून लोक अर्ज घेऊन येतात साहेब. नुसतं नीट बोललं, बसा म्हटलं, तरी माणूस अर्धं दुःख तिथंच ठेवून जातो, त्याला कुठला जीआर लागत नाही.

आबांनी निरोप दिलाय, मंडळींना घेऊन एकदा जेवायला या, काम झालंय आता, कुणी काही म्हणणार नाही.

आणि हो, त्या दिवशी दारातून मी मागं वळून बघितलं होतं. तुम्ही टिपण खुर्दच्या बस्त्यात ठेवलंत, रजिस्टरला नोंद केलीत, फडक्याची गाठ मारलीत आणि मगच पंखा लावलात.