बंड्या, मांडी घालून बसलो रे

प्रिय बंड्या,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच तोडतोस आणि मग विषय तुझ्या आंब्यांवर जातो, आणि मला हे सलग सांगायचंय. एवढं लांबलचक बघून घाबरू नको. घरी सगळे बरे आहेत, आईची शुगर कंट्रोलमध्ये आहे, हिचा खोकला गेला. झालं.

तर परवा संध्याकाळी मी मांडी घालून बसलो. खाली, सतरंजीवर. पखवाज पुढ्यात घेतला, कणीक मळून लावली आणि वाजवला, गजराचा ठेका धरला तो दुगुनीपर्यंत नेला आणि गुडघा दुखला नाही. हिला सांगितलं तर ती "चला बरं झालं" बोलून कुकर बघायला गेली, बरोबरच आहे तिचं, तिला काय माहीत. पण तू बाजूला पेटीवर बसायचास. रात्रीच्या भजनाच्या बारीला आपण नऊला बसलो की पहाटेच उठायचो, मांडी मोडायची नाही, बुवा समोर असताना पाय लांब केला तर काय नजर यायची ते तुलाच माहीत. गेल्या गणपतीपासून मला एक अभंग संपेपर्यंत बसता येत नव्हतं. दुसऱ्या कडव्यालाच गुडघ्याच्या आतल्या बाजूने जळायला लागायचं. तुला मी हे सांगितलं नव्हतं कारण तू लगेच गाडी पकडून आला असतास.

आणि आता पुढचं ऐक. रात्री बाराच्या सुमारास दुखणं परत आलं, जसंच्या तसं. येणारच होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, कारण दुपारी त्यांनी भूल मारली होती, फक्त बघायला की दुखणं जातं का.

पहिल्यापासून सांगतो. दुखणं कसलं तर वाटीत नाही, मागे नाही, आतल्या बाजूला. करी रोडचा ब्रिज चढताना, गाडीत विंडो सीटवर गुडघे दुमडून कल्याणपर्यंत बसलो की, आणि रात्री. रात्रीचं विचित्र, नुसती चादर तिथे घासली तरी चटका बसल्यासारखं. सूज नाही, गुडघा अडकत नाही, ताकद अगदी पहिल्यासारखी. एका मोठ्या डॉक्टरकडे गेलो, एमआरआय काढला, गुडघ्यातली गादी फाटलेली निघाली, दुर्बिणीतून ऑपरेशन करू बोलले, तारीखसुद्धा मिळाली. चादरीचं मी सांगितलं तर ते बोलले, होतं असं, वय झालं. बंड्या, त्या माणसाने माझ्या पायाला हात लावला नाही रे. स्क्रीनला हात लावून मला दाखवलं, पायाला नाही. याचा मला अजून राग आहे आणि तो राहणार.

मग भाची आडवी आली. तीच रे, जिला तू लहानपणी झांजा दिलेल्यास आणि सगळी चाळ आठवडाभर झोपली नव्हती. ती आता फिजिओ झालीय. ती बोलली मामा थांब, पन्नाशीनंतर फाटलेली गादी कितीतरी जणांत निघते. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात 991 माणसांचे एमआरआय काढले होते, 2008 साली छापून आलंय, त्यात ज्यांची गादी फाटलेली त्यातल्या 61 टक्के लोकांना आधीच्या महिन्याभरात गुडघ्याचा काही त्रासच नव्हता. म्हणजे फाटलेली दिसली म्हणून तीच दुखतेय असं होत नाही. आणि तू जळजळ बोलतोयस, चादर बोलतोयस, हे गादीचं लक्षण वाटत नाही. तिनेच पेन क्लिनिकला नेलं.

तिथल्या डॉक्टर बाई शांत एकदम. बोलल्या एका बोटाने दाखवा कुठे. मी गुडघ्याच्या आत दाखवलं. त्यांनी तिथे दाबलं, थोडंच दुखलं. मग बोट वर नेलं, गुडघ्याच्या वर तळहाताएवढं, मांडीच्या आतल्या अंगाला, आणि तिथे दाबलं तर साला सरळ करंट गेला खाली नडगीच्या कडेने घोट्यापर्यंत. मी ओरडलो. त्या बोलल्या, हेच रोज होतं का? मी बोललो हेच. कोणीतरी माझं दुखणं बाहेरून बोट लावून चालू केलं, बंड्या, तेव्हा डोळ्यात पाणी आलं ते दुखण्याने नाही आलं. एवढे महिने मी सांगतोय आणि पहिल्यांदा ते माझ्या डोक्याबाहेर कोणाला सापडलं.

सॅफेनस नर्व्ह म्हणतात तिला. कमरेतून निघते, मांडीतून एका बोगद्यासारख्या जागेतून येते, त्याला हंटर कॅनल नाव आहे, जॉन हंटर म्हणून सर्जन होता लंडनला, त्याने 1785 मध्ये तिथेच रक्तवाहिनी बांधून एका माणसाचा पाय वाचवला होता. त्या बोगद्यातून बाहेर पडताना नस एका कडक पडद्यातून वर येते, आणि तिथेच ती दारात चेमटलेल्या वायरसारखी आवळली जाऊ शकते. तिची एक फांदी वाटीच्या खाली आतल्या बाजूला जाते, बाकीची नस पार घोट्याच्या पुढे पावलाच्या कडेपर्यंत. ती नुसती जाणिवेची नस आहे, स्नायू हलवतच नाही, म्हणून ताकद कमी होत नाही, म्हणून सगळ्या तपासण्यांत मी पास. आणि बाजूलाच सार्टोरियस नावाचा स्नायू, शरीरातला सगळ्यात लांब, कमरेच्या बाहेरून तिरका गुडघ्याच्या आत येतो. पाय बाहेर वळवून गुडघा दुमडायचा म्हणजे मांडी घालायची, ते काम त्याचंच. इतकी वर्षं रात्र रात्र आपण काय करत होतो सांग.

आणि आता तुझ्या अप्पांचं. मी तिथे टेबलावर झोपलो होतो आणि डोक्यात अप्पाच. बायपासला पायातून शीर काढली होती ना त्यांची, आणि मग मरेपर्यंत बोलायचे, पायाच्या आतल्या बाजूला मुंग्या चालतात, जळतं, धोतर लागलं तरी नको होतं. सगळे बोलायचे ऑपरेशन छातीचं झालं आणि म्हातारा पायाचं काय घेऊन बसलाय. तू एकटा तेल गरम करून बसायचास त्यांच्या पायाशी. बंड्या, ती शीर आणि ही नस पायातून अगदी शेजारी शेजारी जातात. शीर काढताना नस दुखावू शकते, बाईंनी स्वतः सांगितलं, बायपासवाल्यांमध्ये हे बघायला मिळतं. अप्पा खरं बोलत होते. हे तुला सांगायचं म्हणूनच खरं तर लिहायला बसलो.

आता काळजी. त्या नसेपाशी भूल दिल्यावर दुखणं गेलं म्हणजे नसच, असं मी खूश झालो, तर बाई प्रामाणिक, बोलल्या एकट्या इंजेक्शनवर शंभर टक्के नाही म्हणता येत, ही नस गुडघ्यालाही थोडी जाते त्यामुळे सांध्याचं दुखणंही त्याने जरा दबतं. पण जळजळ, चादर, तो करंट आणि इंजेक्शन, सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय. ऑपरेशनची तारीख मी रद्द केली, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये याच नसेची वाटीखालची फांदी कधीकधी दुखावते हे कळल्यावर तर अंगावर काटाच आला. आता सोनोग्राफीत बघत बघत नसेभोवती औषध सोडणार, सोबत स्टिरॉइड, मग भाचीचे व्यायाम, तो लांब स्नायू मोकळा करायचे. नाहीच जमलं तर नस मोकळी करायचं ऑपरेशन असतं, फार कमी जणांना लागतं. नस कापायचीही वेळ येते कोणावर, मग तो भाग कायमचा बधिर. बधिर चालेल मला. मांडी पाहिजे.

कारण बाई बोलल्या तूर्त मांडी बंद. खुर्ची किंवा स्टँडवर वाजवा. बुवांना सांगितलं तर ते गप्प झाले आणि मग बोलले स्टँडवर तर स्टँडवर, पण त्यांचा आवाज ऐकला असतास तर तुलाही कळलं असतं. गणपतीला त्या माझगावच्या मंडळाशी बारी ठरलीय, तीच पार्टी, आणि खाली एक पोरगा बसवायचा म्हणतायत. पोरगा चांगला आहे, हात गोड आहे, पण बुवा गजर चढवतात तेव्हा कुठे धरायचं हे बघून येत नाही, ते शेजारी बसून येतं. आणि कणकवलीला ठेका माझा नव्हता सुटला, तुझी पेटी पळाली होती, बावीस वर्षं झाली तरी मी हेच सांगणार.

तर मी काय करू? स्टँडवर वाजवून बघू, की या वर्षी पोरालाच बसवू आणि मी झांजेला उभा राहू? उभं राहिलं की नाही दुखत. पण पखवाज सोडून झांज घेतली तर परत पखवाज मिळेल का, हा प्रश्न मी इथे कोणाला विचारू शकत नाही, सगळे बोलतील तब्येत आधी. तू बोलणार नाहीस असं. तू खरं सांगशील.

तुझं काय, कलमं लागली का पावसाआधी? वहिनींची बदली चिपळूणला झाली ना शेवटी, पेढे कुठायत. धाकट्याला डिप्लोमाला मिळालं का ते कळव, मुंबईला आला तर इथेच राहायचं, हॉस्टेल वगैरे बघायचं नाही.

आणि पेटीच्या भात्याची गळती अजून तशीच असेल तर गणपतीच्या आधी घेऊन ये, लालबागला करून घेऊ. मला उत्तर फोनवर नको. लिहून पाठव.

तुझाच,
बाळू