ट्रान्सपॉन्डर बसवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. "अरे, त्यात काय एवढं" म्हणता आणि पोरांची चौकशी सुरू करता. म्हणून माझ्या ग्लायडरमध्ये, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानात, तुम्ही बसवून दिलेल्या ट्रान्सपॉन्डरबद्दलचे (रडारला आपला कोड आणि उंची कळवणारं यंत्र) आभार सगळ्यांदेखत लिहितोय. आपल्यापैकी जे ग्लायडर उडवतात, मग ते हडपसरला शिकलेले असोत की इकडे अमेरिकेत, त्यांनीही हे वाचावं असं मनापासून वाटतं.

गेल्या महिन्यात नेवाडातल्या मिंडेनहून वेव्हमध्ये, म्हणजे डोंगर ओलांडून आलेल्या वाऱ्याच्या लाटेवर, वर गेलो होतो. सिएरा नेवाडा ओलांडून येणारा वारा छान लागला होता आणि ग्लायडर १६,००० फुटांच्या वर सावकाश चढत होतं. रेडिओवर रेनोला येणाऱ्या विमानांना रडारवरून वाट दाखवणारं अ‍ॅप्रोच कंट्रोल ऐकत होतो. रेनोकडे उतरणाऱ्या एका जेटला कंट्रोलरने ग्लायडरची दिशा आणि उंची सांगितली आणि थोडं वळवून घेतलं. तो सांगत होता ती उंची माझी होती. थोड्या वेळाने ते जेट माझ्या उजवीकडून बऱ्याच अंतरावरून खाली गेलं. त्यात बसलेल्या कुणाला काही कळलंही नसेल. त्या कंट्रोलरला मी दिसलो, कारण माझ्या पाठीमागे तुम्ही बसवलेला ट्रान्सपॉन्डर १२०२ हा ग्लायडरचा कोड पाठवत होता. पांढरं, बारीक पंखांचं ग्लायडर समोरून येणाऱ्या जेटच्या पायलटला नुसत्या डोळ्यांनी वेळेत दिसेल, या भरवशावर राहता येत नाही.

याच भागात २८ ऑगस्ट २००६ रोजी हॉकर ८००एक्सपी जेट आणि एएसजी-२९ ग्लायडर साधारण १६,००० फुटांवर एकमेकांवर आदळले. ग्लायडरचा पायलट पॅराशूटने उतरला, जेट कार्सन सिटीला पोटावर उतरवलं गेलं आणि सगळे वाचले. त्या ग्लायडरमध्ये ट्रान्सपॉन्डर होता, पण बॅटरी रेडिओसाठी राहावी म्हणून तो बंद ठेवलेला होता. बंद ट्रान्सपॉन्डर जेटमधल्या टीकॅसला, म्हणजे टक्करीचा इशारा देणाऱ्या यंत्राला, दिसत नाही. पहिल्या भेटीत तुम्ही हीच हकीकत सांगितलीत. मी कुठलं मॉडेल घ्यावं हे विचारायला आलो होतो आणि तुम्ही कागदावर प्रत्येक यंत्र किती अँपिअर खातं ते लिहायला बसलात. रेडिओ, व्हॅरिओ (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारं), फ्लार्म (ग्लायडरांची टक्कर टाळणारं), ट्रान्सपॉन्डर. वर दिवसभराच्या उड्डाणाचे तास, आणि त्यावर थंडीची वजावट, कारण वेव्हमध्ये वर उणे वीस असतं आणि जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी तिथे मान टाकते. "जे बंद करायचा मोह होईल ते बसवायचंच कशाला?" असं म्हणालात. लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या दोन बॅटऱ्या त्या हिशेबातूनच आल्या. त्यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून नुसत्या व्होल्टमीटरवर विसंबू नकोस, तास मोज, हेही तेव्हाच बजावलंत.

ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात मिग विमानांच्या वायरिंगवर तयार झालेला तुमचा हात मी जवळून पाहिला. फ्यूज बॅटरीच्या अगदी टर्मिनलपाशी, कारण तो वायर वाचवायला असतो. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर. अँटेनाची केबल आरजी-४००, होईल तितकी आखूड, आणि क्रिम्प केल्यावर, म्हणजे दाबून बसवल्यावर, प्रत्येक कनेक्टर ओढून बघायचा. माझं ग्लायडर, एलएस-४, फायबरग्लासचं. धातूच्या विमानात अँटेनाला आयता ग्राउंड प्लेन (तिच्या बुडाशी लागणारा धातूचा पृष्ठभाग) मिळतो, इथे तो आपणच द्यायचा. तुम्ही अ‍ॅल्युमिनियमची गोल चकती कापलीत, १०९० मेगाहर्ट्झच्या पाव तरंगलांबीपेक्षा, म्हणजे सात सेंटिमीटरपेक्षा, मोठ्या त्रिज्येची. तिच्या कडा कानशीने इतक्या गुळगुळीत केल्यात की मी विचारलं, आत कोण बघणार आहे? "पुढच्या वेळी जो हात घालील तो," एवढंच उत्तर. अँटेना पोटाखाली, चाकाच्या मागे, पायलटच्या शरीरापासून दूर.

फ्लार्मवर तर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त खपलात. स्वित्झर्लंडमध्ये २००४ साली ग्लायडर पायलटांनीच सुरू केलेली ही गोष्ट. प्रत्येक ग्लायडर आपला पुढच्या काही सेकंदांचा मार्ग रेडिओवरून इतरांना कळवतं आणि टक्कर संभवत असेल तरच बझर वाजतो. म्हणून एका थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) पाच-सहा जण घिरट्या घालत असले तरी उगाच कटकट होत नाही. पण अँटेना आडोशाला गेली तर एखाद्या बाजूला ते बहिरं होतं, आणि पायलटला पत्ताही लागत नाही. माझ्या उड्डाणांच्या फायली घेऊन तुम्ही रेंजचा आलेख काढलात. डावीकडे मागच्या अंगाला खड्डा दिसत होता. यंत्र चालू होतं, दिवे लागत होते, दुसऱ्या कुणी तिथेच काम संपवलं असतं. तुम्ही पुन्हा पॅनेल उघडून अँटेना धातूच्या डब्यापासून वीतभर दूर नेलीत, पुन्हा उडायला लावलंत आणि आलेख भरून आल्यावरच लॉगबुकात सही केलीत.

कायद्याने इथे बहुतेक ठिकाणी ग्लायडरला ट्रान्सपॉन्डरची सक्ती नाही, त्यामुळे हे सगळं कुणी तुमच्याकडून मागितलं नव्हतं. मजुरीही घेतली नाहीत. काकूंनी सुट्टीच्या दिवशी डबे पाठवले, त्यांचेही आभार.

ट्रान्सपॉन्डरची २४ महिन्यांची तपासणी मार्चात आहे, रेडिओ शॉपची वेळ घेतली आहे. क्लबमधल्या आणखी दोघांना त्यांच्या ग्लायडरमध्ये असंच काम करून घ्यायचंय. वायरिंग आम्ही करू, तुम्ही खुर्ची टाकून बसायचं आणि चुकलं तिथे ओरडायचं. गुडघा बरा झाला की कळवा, न्यायला मी येतो.

तुमचा,
एलएस-४ वाला