‘रक्त पातळ करणारी गोळी’

संपादक महोदय,

पंचवटीत पेठ रस्त्यावर माझे औषधांचे दुकान आहे. पेठ-दिंडोरीकडून एसटीने आलेली माणसे दवाखाना उरकून दुपारपर्यंत दुकानात येतात आणि चिठ्ठी पुढे करत विचारतात, “ताई, डॉक्टर काय म्हणले वो?” डॉक्टरांसमोर ती नुसती मान हलवून आलेली असतात.

मागच्या महिन्यात एक आजी कागदावरचा ‘हायपरटेन्शन’ हा शब्द कोणाकडून तरी वाचून घेऊन आल्या. “मला कसलंच टेन्शन नाही बाई, लेकी सुनांचं सगळं चांगलं चाललंय. चुकीचं लिहिलंय यांनी.” चिठ्ठी बरोबर होती. हायपरटेन्शन म्हणजे वाढलेले बीपी; ते वाढलेले होते आणि आजींना काहीही त्रास होत नव्हता. बीपी बहुतेक वेळा असेच असते, दुखत नाही, खुपत नाही. गोळीने ते १२०/८० वर आले की ‘नॉर्मल आलं’ म्हणून गोळी बंद करणारेही मला रोज भेटतात. हा आकडा गोळी चालू आहे म्हणून दिसतोय, एवढे एक वाक्य त्यांना कोणी सांगितलेले नसते.

पण आज लिहायला बसले ते माझ्या वडिलांमुळे. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. हार्ट अटॅक आला तेव्हा त्यांची अँजिओप्लास्टी केली, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडली, आणि ती उघडी राहावी म्हणून तिच्यात स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी, टाकली. घरी सोडताना हातात दिलेले कार्ड पूर्ण इंग्रजीत होते. गोळ्यांबद्दल डॉक्टरांनी त्यांना मराठीत, सोप्या शब्दांत सांगितले, “या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत, बंद करू नका.” मीही घरी तेच शब्द वापरले. मी स्वतः फार्मासिस्ट आहे आणि रोज दहा जणांना हेच सांगत होते.

ऑक्टोबरमध्ये बागेची छाटणी आली. दाढी करताना वडिलांना ब्लेड लागले आणि रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ वाहिले. त्यांनी मनाशी अर्थ लावला, रक्ताचे पाणी झाले, म्हणजे अंगातली ताकद गेली. आमच्याकडे रक्त पातळ होणे म्हणजे अशक्तपणाच. छाटणीला तर ताकद हवी. त्यांनी कोणाला न सांगता दोन्ही गोळ्या थांबवल्या. पंधरा दिवसांत स्टेंटमध्ये गुठळी होऊन दुसरा अटॅक आला. ते वाचले, पण हृदयाचे पंपिंग ३५ टक्क्यांवर आले. आता ते बांधावर खुर्ची टाकून बसतात आणि छाटणी गडी करतात.

खरे तर या गोळ्यांनी रक्त पातळ होतच नाही. रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी असतात, त्या एकमेकींना चिकटल्या की गुठळी धरते. गोळी त्यांना चिकटू देत नाही, म्हणून जखमेचे रक्त थांबायला वेळ लागतो आणि म्हणूनच नवा स्टेंटही उघडा राहतो. ‘स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी. कापलं तर रक्त थोडं जास्त वाहील, दाबून धरा, पण गोळी सोडू नका’ असे सांगितले असते तर वडिलांना ते नक्की कळले असते. शब्द सोपा होता, तरी त्यांनी ऐकलेला अर्थ आम्ही सांगितलेल्या अर्थाहून वेगळा होता, आणि तो कोणीच विचारून घेतला नाही.

तेव्हापासून मी गोळ्या देताना उलट विचारते, “काका, घरी गेल्यावर काकूंना काय सांगाल, ही गोळी कशाची?” अर्धा मिनिट जातो, मागची रांग कुरकुरते. पण निम्म्या वेळा उत्तर ऐकून मलाच पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. रुग्णाला औषध समजावणे हे २०१५ च्या नियमांनुसार आम्हा फार्मासिस्टचे कामच आहे. ते आम्ही टाळत आलो, हे मान्य करायला हवे.

ओपीडीत दीडशे माणसे बसलेली असताना डॉक्टरांकडे वेळ नसतो, हे मी जवळून पाहते. पण घरी सोडतानाच्या कार्डावर मराठीत चार ओळी लिहायला काय हरकत आहे? कोणती गोळी कशासाठी, कधीपर्यंत, काय झाले तर लगेच यायचे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद हा विषय २०१९ पासून आला आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याने रुग्णाला त्याचा आजार मराठीत सांगावा आणि काय समजले ते रुग्णाने परीक्षकांना सांगावे, गुण त्यावर द्यावेत, अशी माझी विद्यापीठाला कळकळीची विनंती आहे.

आणि एक विनंती आपल्याला. आठवड्यातून एकदा एकाच आजारावर छोटा मजकूर छापावा. लिहावा डॉक्टरांनीच, पण छापण्याआधी तो आजार असलेल्या एखाद्या माणसाला वाचायला द्यावा आणि काय कळले ते विचारावे.

– एक औषध विक्रेती, पंचवटी, नाशिक